बर्गर: तवा, जाळ की कढई? (गाडी टाकायची आहे, घरात तट पडलेत)

शहापूरचा_मामा | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

भाचा पुण्यात दोन वर्षं बर्गरच्या एका साखळी दुकानात कामाला होता. आता परत आलाय आणि टिळकवाडीत कॉलेजच्या बाजूला बर्गरची गाडी टाकतो म्हणतोय. पैसे अर्थात मामाचे. इथवर ठीक होतं. पण गाडीवर काय बसवायचं यावरून आठवडाभर घरात जेवण गोड लागेना झालंय.

भाचा म्हणतो कोळशाची जाळी पाहिजे, जाळाशिवाय बर्गर नव्हेच. मी म्हणतो बिडाचा जाड डोशाचा तवा घे. पाव पण त्यावरच भाजतो, आणि उद्या बर्गर नाही चालला तर डोसे तरी घालता येतील. बहीण म्हणते दोन्ही नको, कढई ठेव आणि वड्यासारखं तेलात सोड, बेळगावात तळलेलं कधी उरलंय का?

मला विचारायचंय ते एवढंच. तीच टिक्की, तोच पाव, तोच सॉस धरला, तर शिजवायच्या पद्धतीनं चव खरंच बदलते का? की हे सगळं जाहिरातवाल्यांचं खूळ? सुरुवातीला दोनच प्रकार ठेवणार, आलू आणि चिकन. ज्यांनी केलंय, खाल्लंय, बिघडवलंय, त्यांनी सांगा.

खडेबाजार_खादाड | रात्री ९.५२

पाव कुणाचा?

शहापूरचा_मामा | रात्री ९.५५

पावाचं नंतर बघू ओ. आधी टिक्कीचं सांगा.

निपाणीची_लेक | रात्री १०.१०

मामा, तवा. डोळे झाकून तवा. आमच्या घरी मटणाचा खिमा उरला की आई त्याच्या चपट्या वड्या करून लोखंडी तव्यावर दाबायची. कडेला जी तांबूस जाळी धरायची ना, तिच्यासाठी आम्ही बहिणी भांडायचो. मधला भाग कुणालाच नको असायचा. बर्गर हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊक पण नव्हता.

तिसरं_रेल्वे_गेट | रात्री १०.१४

आधी लायसन काढा, मग तवा.

धारवाडी_पेढा | रात्री ११.०५

मी अन्नतंत्रज्ञान शिकलोय, आता त्याच खात्यात पोट भरतोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

चव बदलते का? बदलते, आणि त्यामागे कारण आहे. मांस असो, पाव असो, दूध असो, त्यातली प्रथिनं आणि साखर तापली की एकमेकांत मिसळून शेकडो नवे वास आणि तांबूस रंग तयार होतो. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला मायार क्रिया म्हणतात. आपल्याला ती समजायला फ्रान्सला जायची गरज नाही. कुंदा घ्या. दूध आटवून आटवून साखरेबरोबर परततात तेव्हा पांढऱ्याचा तो तपकिरी रंग आणि तो खमंगपणा येतो, ती हीच. माझ्या नावातल्या पेढ्याचं पण तेच.

आता गंमत अशी की ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढं जोर धरते, आणि पाणी १०० अंशाला उकळतं. म्हणजे टिक्कीच्या पृष्ठभागावर जोवर पाणी आहे तोवर तो भाग १०० च्या वर जातच नाही. आधी ते पाणी उडवायचं, मग खमंगपणा. पद्धतींची सगळी भानगड इथं आहे.

तवा: लोखंड थेट चिकटतं, चिकटलेलं पाणी चर्र करून उडतं, तेवढाच भाग खरपूस होतो. म्हणून हल्ली तो स्मॅश प्रकार निघालाय, गोळा तव्यावर टाकून दाबून पातळ करायचा. जितकं लोखंडाला टेकेल तितकं खरपूस. पण दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात. नंतर दाबलात तर आतला रस बाहेर, आणि तुमच्या हातात चिवट चकती.

जाळ: आच लांबून येते, वरून वारं लागतं. पट्टे पडतात तेवढेच खरपूस, मधला भाग त्या मानानं फिका. चव येते ती मुख्यतः धुराची.

तेल: चहूबाजूंनी १७५ ते १८० अंश. सगळीकडून एकसारखं कवच. पण आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

खडेबाजार_खादाड | रात्री ११.११

म्हणजे कुंदा आणि बर्गर चुलत भाऊ. उद्या आजोबांना सांगतो, ते देवाला दाखवायचं बंद करतील.

जाळ_आणि_धूर | मंगळवार, सकाळी ७.३०

सगळे तव्यावर घसरलेत, म्हणून भाच्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे. मी बोलतो.

जगातल्या दोन मोठ्या साखळ्यांचं भांडणच मुळी यावर आहे. मॅकडॉनल्ड्स सपाट प्लेटवर भाजतं, बर्गर किंग जाळावर. बर्गर किंग १९५३ मध्ये फ्लोरिडात सुरू झालं. त्यांचं यंत्र असं, साखळीच्या पट्ट्यावर टिक्की ठेवली की ती जाळातून फिरून पलीकडं शिजून पडते. त्यांचा तो मोठा व्हॉपर १९५७ चा. सत्तर वर्षं लोक त्या धुराच्या वासासाठी पैसे देतात, ते काय येडे आहेत?

मी स्वतः मागच्या हिवाळ्यात शेतावर कोळशाच्या शेगडीवर चिकनच्या टिक्क्या केलो. वास असा सुटला की शेजारच्या मळ्यातनं गडी विचारायला आला, कुणाचं काय चाललंय म्हणून.

निपाणीची_लेक | सकाळी ७.५०

वास सुटला ते कळलं. चव कशी होती ते सांगितलं नाहीत, दादा.

जाळ_आणि_धूर | सकाळी ७.५८

...थोड्या कोरड्या झाल्या होत्या. पण वास!

धारवाडी_पेढा | सकाळी ९.२०

कोरड्या होणारच. अमेरिकेत जाळावर टाकतात ती टिक्की गाईच्या मांसाची, त्यात वीसेक टक्के चरबी. ती वितळून जाळावर पडते, भडका होतो, धूर वर येऊन परत टिक्कीला लागतो. त्या चवीतला बराचसा भाग म्हणजे स्वतःच्याच चरबीचा धूर. मॅकडॉनल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं आणि बर्गर किंग २०१४ मध्ये, दोघांनीही इथं गोमांस ठेवलंच नाही. आपल्याकडं चिकनच्या छातीचा खिमा वापरतात, त्यात थेंबभर चरबी नाही. काय टपकणार आणि कशाचा धूर होणार? आलूचं तर विचारूच नका.

जाळ_आणि_धूर | सकाळी ९.४१

पेढेसाहेब, हे पटलं नाही. वांग्यात कुठली चरबी? तरी निखाऱ्यावर भाजलेलं वांगं आणि कुकरात उकडलेलं वांगं एकच का? मग हुरडा, कणसं, रताळी सगळी तेलात तळा की.

धारवाडी_पेढा | सकाळी १०.०२

हा मुद्दा चांगला काढलात, उत्तर द्यावं लागेल.

वांग्याला साल आहे. साल करपते, तिचा धूर आत मुरतो, आणि करपलेली साल आपण सोलून टाकतो. आलू टिक्कीला साल म्हणजे पावाचा चुरा. तो जाळावर आधी करपतो आणि सोलता पण येत नाही, पोटातच जातो. बिनचुऱ्याची टिक्की ठेवलीत तर जाळीला चिकटून अर्धी खाली. कणसाचं मान्य. धुराला चव नाही असं मी म्हणतच नाही, चुकीच्या वस्तूला चुकीची आच देऊ नका एवढंच म्हणतोय. चिकनला जाळच द्यायचा असेल तर मांडीचं मांस घ्या, थोडी कातडी खिम्यात घाला, वरून तेलाचा हात फिरवा. मग बघू.

जाळ_आणि_धूर | सकाळी १०.०५

मांडीचं मांस. बरं. अर्धं मान्य.

शिफ्ट_संपली | दुपारी १.१५

मी दुबईत एका साखळीत साडेतीन वर्षं होतो, नाव सांगत नाही. गावाकडं सांगितलं होतं हॉटेल मॅनेजमेंट करतोय, करत होतो टिक्क्या.

मामांच्या प्रश्नाला माझं उत्तर जरा वेगळं आहे. साखळीवाले पद्धत निवडतात ती चवीसाठी नव्हे, वेळेसाठी. आमच्याकडं वरखाली दोन तापलेल्या प्लेटा होत्या, सँडविचच्या यंत्रासारख्या. गोठलेली टिक्की ठेवायची, झाकण आपोआप खाली यायचं, दोन्ही बाजू एकदम. लहान टिक्की ४५ ग्रॅमची, एका पौंडात दहा बसतात तसली. मिनिटभराच्या आत शिट्टी. उलटायचं काम नाही, त्यामुळं आज रुजू झालेलं पोरगं आणि दहा वर्षांचा जुना माणूस, दोघांची टिक्की सारखीच. चव भारी नसते, पण वाईट पण नसते. रोज तीच. हीच त्यांची कमाई.

खरी चव जाते ती पुढं. शिजलेली टिक्की गरम कपाटात ठेवतात, ठरलेल्या मिनिटांनी टाकून द्यायची असते. गर्दी नसलेल्या दुपारी आमचा मॅनेजर घड्याळाचं बटण परत दाबायचा. तीच टिक्की, तेच यंत्र, तीच पद्धत, आणि खाताना वाटायचं पुठ्ठा चावतोय. लोक म्हणायचे आज बर्गर बरोबर नाही. पद्धतीत काहीच बदललं नव्हतं, थांबणं बदललं होतं.

त्यामुळं मामा, तुमच्या भाच्याला एकच विचारा. गिऱ्हाईक समोर आल्यावर भाजणार की आधी भाजून ठेवणार? समोर भाजणार असेल तर तव्यावर पण तो साखळीवाल्यांच्या पुढं जाईल.

तिसरं_रेल्वे_गेट | दुपारी १.३३

शिफ्ट_संपली, गावात अजून हॉटेल मॅनेजमेंटच सांगितलंय का? मग इथं नाव बदला, माझी आत्या पण हा धागा वाचते.

खानापूरचं_रताळं | दुपारी ४.४०

सगळे आचेवर बोलालेत, बटाट्याबद्दल कोण बोलणार? आम्ही पिकवणारी माणसं, म्हणून सांगतो.

बटाटा हा एक पदार्थ नव्हे ओ. आपल्याकडचा खरीप बटाटा आत्ता शेतात आहे, भाद्रपदाच्या पुढं निघेल. तो जवारी ताजा बटाटा भाजीला फस्क्लास, पण त्यात पाणी जास्त. टिक्की केलीसा की तेलात फुटणार. सध्या मार्केट यार्डात येतोय तो बाहेरून शीतगृहातला. थंडीत ठेवला की बटाट्यातला पिठूळपणा थोडाथोडा साखरेत बदलतो. तो तळला की लवकर काळपट होतो आणि आत नुसता गोडसर. चिप्सवाले म्हणूनच वेगळी जात घेतात, कुफरी चिपसोना वगैरे, साखर कमी आणि पीठ जास्त.

मग करायचं काय? सालासकट उकडा, चिरून उकडू नका, पाणी पितो. उकडल्यावर पसरून वाफ जाऊ द्या. गरम असतानाच कुस्करा पण हातानं, मिक्सर लावलात तर खळ होते, पोस्टरं चिकटवा तिनं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टिक्क्या थापून रात्रभर फ्रिजात ठेवा. सकाळी अशा घट्ट होतात की पोह्यांचा चुरा पण कमी लागतो.

मी एकदा रताळ्याची टिक्की केलो. साखर जास्त, म्हणून बाहेरनं पटकन काळी आणि आतनं कच्ची वाटायची. आच कमी केल्यावर जमली. पोरांनी खाल्ली, म्हाताऱ्यांनी विचारलं आज कसला उपास?

सदाशिवनगर_सदानंद | सायंकाळी ५.०५

गाडीवर बोर्ड कुठल्या भाषेत लावणार ते ठरवलंय का? साठ टक्के कन्नड पाहिजे, २०२४ चा कायदा आहे. 'ಬರ್ಗರ್' मोठं आणि 'बर्गर' बारीक.

धागाराखण | सायंकाळी ५.१२

कन्नड अक्षरं चालतील, पण बोर्डाचा वाद नको. त्याचे इथं आधीच अकरा धागे आहेत, एकाचाही निकाल लागलेला नाही. इथं बर्गर.

सदाशिवनगर_सदानंद | सायंकाळी ५.१४

बर्गरचा तरी कुठं लागणाराय?

खानावळ_मावशी | रात्री ८.३०

माझी सून लिहून देत्ये, मी सांगत्ये.

बावीस वर्षं खानावळ चालवली. तळणाचं सांगते. बहीण म्हणाली कढई ठेव, बरोबर म्हणाली, पण कढई ठेवणं सोपं, तेल सांभाळणं अवघड. एका घाण्यात टिक्क्या जास्त सोडल्या की तेल थंड पडतं, मग टिक्की तळत नाही, तेल पीत बसते. चारच्या जागी तीन सोडा. चुरा खाली बसतो तो झाऱ्यानं सारखा काढा, तोच जळून कडू होतो आणि सगळ्या टिक्क्यांना लागतो. रात्री गाळून ठेवा. आणि जुन्या तेलात नवं ओतून ओतून महिना काढू नका. फेस धरला, चिकट झालं, नेहमीच्या आचेला धूर यायला लागला, की गेलं ते तेल.

धारवाडी_पेढा | रात्री ८.४८

मावशी बरोबर बोलल्या. त्याला आकडा पण आहे. तळून तळून तेलात जे वाईट घटक साठतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून देशभर हा नियम आहे. मोजायचं यंत्र मिळतं, पण महाग. मावशींचं नाक स्वस्त.

आणि मामा, तुम्ही चिकन आणि आलू एकाच कढईत तळणार असाल तर आत्ताच थांबा. बेळगावात अर्धं गिऱ्हाईक तिथंच परत फिरेल. कढया दोन, झारे दोन, कालथे पण दोन.

ब्रिगेड_रोडचा_साक्षीदार | रात्री ९.२५

तळणाचा विषय निघालाय म्हणून. केएफसीचं भारतातलं पहिलं दुकान आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर, १९९५ मध्ये. मी तेव्हा तिथं शिकत होतो, पहिल्या महिन्यात रांगेत उभा राहून खाल्लो. पुढं जानेवारी १९९६ मध्ये शेतकरी नेते नंजुंडस्वामींच्या रयत संघाच्या लोकांनी त्या दुकानावर हल्ला केला, ते पण त्या काळात पेपरात वाचलो. हे विषयाला सोडून झालं.

विषयाचं म्हणजे केएफसीचं तळणं साधं नव्हे. ते काढणाऱ्या सँडर्सनं १९३९ च्या सुमाराला प्रेशर कुकरमध्ये कोंबडी तळायला सुरुवात केली. दाबाखाली पाणी लवकर वाफ होत नाही, त्यामुळं आतला ओलावा आतच राहतो आणि तुकडा लवकर शिजतो. भाच्यानं चिकन तसं केलं तर?

धारवाडी_पेढा | रात्री ९.३१

नको. नको. घरच्या कुकरमध्ये तेल तापवून झाकण लावायचं नाही, कुणीही. त्याची रबराची रिंग आणि शिट्टी वाफेसाठी असते, उकळत्या तेलासाठी नव्हे. दुकानवाल्यांची दाबाची यंत्रं वेगळी असतात. हे वाचून कुणी प्रयोग केला तर मला झोप लागायची नाही.

खडेबाजार_खादाड | रात्री ९.३५

कुकर बंद केला. पाव कुणाचा ते सांगा.

भट्टीवरचा_पोरगा | बुधवार, पहाटे ५.१०

खादाडसाहेब बरोबर विचारतायत आणि कुणी उत्तर देत नाही. आमची तीन पिढ्यांची बेकरी, आत्ताच भट्टी उतरवून बसलोय.

तुम्ही टिक्कीवर दोन दिवस भांडलात. पण जिभेला आधी लागतो तो पाव. साधा पावभाजीचा पाव घेतलात तर सॉस आणि टोमॅटोच्या पाण्यानं दोन मिनिटांत लगदा. बर्गरच्या बनमध्ये थोडी जास्त साखर आणि फॅट लागते, म्हणजे कापलेली बाजू तव्यावर टाकली की ती लगेच तांबूस धरते. ही तांबूस बाजू म्हणजे पावाचा रेनकोट. खालच्या अर्ध्याला लोण्याचा हात लावून भाजा, वरचा कोरडा चालतो. लोणीच लावा. स्वस्तातलं वनस्पती तूप लावलं तर टाळूला मेणचट थर बसतो.

जाळीवर बन भाजायला गेलात तर पट्टे सुंदर पडतात, मधे ओलं. म्हणजे जाळी घेतलीत तरी पावासाठी तवा लागणारच. मग मामा, तुम्हीच जिंकलात अर्धे.

आणि पार्सल. आपल्याकडच्या पावसात निम्मं गिऱ्हाईक पार्सल नेणार. गरम बर्गर कागदात घट्ट गुंडाळला की स्वतःच्याच वाफेत शिजतो. कुरकुरीत टिक्की घरी पोचेतो ओल्या पोतेऱ्यासारखी. मिनिटभर उघडा ठेवा, मग खोक्यात घाला, खोक्याला भोकं पाडा.

अनगोळची_आर्ची | सकाळी ११.२०

वाफेला सगळे शिव्या घालतायत म्हणून सांगते, अमेरिकेत एक जुनी साखळी मुद्दाम वाफेवरच बर्गर करते. व्हाइट कॅसल, १९२१ मध्ये सुरू झालेली. प्लेटवर कांद्याचा थर, त्यावर लहान चौकोनी टिक्की, तिला पाच भोकं. वाफ भोकांतून वर येते, वर ठेवलेला पाव त्याच वाफेत मऊ होतो. टिक्की उलटतच नाहीत.

मी रविवारी घरी करून बघितलं. डोशाचा तवा, भरपूर कांदा, चिकनची पातळ टिक्की, वर पाव, वर झाकण. खरपूस अजिबात नाही. पण कांद्याचा वास पावात असा मुरला की भावानं पाच खाल्ले. आई म्हणाली हे आजारी माणसाला द्यायला बरं आहे. तिनं कौतुकच केलं असं मी धरून चालते.

जाळ_आणि_धूर | सकाळी ११.४५

चिकनच्या टिक्कीचा विषय आहेच तर मीठ कधी घालायचं? मी खिम्यातच घालतो.

धारवाडी_पेढा | दुपारी १२.३०

खिम्यात मीठ घालून मळलंत की मांसातलं प्रथिन विरघळून चिकट होतं, टिक्की सॉसेजसारखी उसळते दाताखाली. सीककबाबला ते पाहिजेच, नाहीतर सळीवर टिकणार नाही. बर्गर भुसभुशीत हवा असेल तर मीठ वरून, तव्यावर टाकायच्या क्षणी.

दुसरं, हे चवीचं नव्हे पण सांगायला हवं. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला. खिमा केला की ते सगळीकडं मिसळतात. चिकनची टिक्की आतून ७४ अंशांपर्यंत गेलीच पाहिजे. जाळावर बाहेरून काळी दिसते म्हणून शिजली असं नसतं. टोचायचा थर्मामीटर घ्या.

शहापूरचा_मामा | रविवार, रात्री १०.१५

उशीर झाला, माफी असावी. आज दुपारी घरात चाचणी घेतली. श्रावण लागायच्या आत चिकन उरकायचं होतं.

नऊ जण खाणारे. कुठल्या ताटात काय आहे ते फक्त बहिणीला माहीत. आलूच्या टिक्क्या खानापूरकरांनी सांगितल्या तशा रात्रभर फ्रिजात. चिकन मांडीचं, मीठ वरून. कोळशाची शेगडी अंगणात लावली, ती धरायला पस्तीस मिनिटं गेली, त्यात दोनदा पावसाची सर. भाचा छत्री धरून वारा घालत होता. त्याचा फोटो आहे, पण टाकला तर तो मला मामा म्हणायचं सोडेल.

आलू: तळलेली नऊपैकी सात जणांना आवडली. तव्यावरची दोघांना. जाळीवरची कुणालाच नाही, चुरा काळा झाला होता. पेढेसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच.

चिकन: इथं भांडण लागलं. तव्यावर दाबलेली पाच जणांना, जाळीवरची चार जणांना. जाळ_आणि_धूर, तुमचा मांडीच्या मांसाचा धूर खरंच सुटला, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली आले. तळलेलं चिकन मुळात केलंच नाही, दोन कढयांचा हिशेब जमेना.

मग शिफ्ट_संपली यांचं ऐकून अजून एक गोष्ट केली. उरलेल्या टिक्क्या झाकून ठेवल्या आणि वीस मिनिटांनी परत दिल्या, तिन्ही पद्धतींच्या. कुठली कुठली ते कुणालाच धड ओळखता आलं नाही. भाचा तिथं गप्प झाला. पुण्यात त्यानं तेच केलं होतं की दोन वर्षं.

ठरलंय ते असं: बिडाचा मोठा तवा चिकन आणि पावासाठी, बाजूला लहान कढई फक्त आलूची. तव्याची एक बाजू पावाला राखीव, तिथं चिकन जाणार नाही. मागितल्याशिवाय भाजायचं नाही. कोळशाची शेगडी डिसेंबरात थंडी पडल्यावर शनिवार-रविवारपुरती, भाच्याच्या हट्टासाठी.

आईनं (वय ८१) सगळ्यात शेवटी आलूचा बर्गर खाल्ला. म्हणाली, वडा चांगला झालाय, पण चपटा का केलासा?

खानावळ_मावशी | रात्री १०.४०

आईंना नमस्कार सांगा. त्या बरोबर बोलल्या.

जाळ_आणि_धूर | रात्री १०.४४

नऊपैकी चार! पावसात! मी हरलो असं कुणी म्हणू नका. डिसेंबरात येतो.

अनगोळची_आर्ची | रात्री १०.५०

वाफेचं घेतलंच नाही चाचणीत. निषेध.

भट्टीवरचा_पोरगा | रात्री ११.०२

मामा, बन लागतील तर आदल्या संध्याकाळी सांगा. पहाटे चार वाजता फोन करू नका, तेव्हा हात पिठात असतात.

खडेबाजार_खादाड | रात्री ११.०३

सहा दिवस झाले. पाव कुणाचा ते आत्ता कळलं.